पाचव्या दारातला जोगवा

माझा आवाज जेऊरच्या बाजारात गेला, आणि तोही वाक्याच्या मधोमध. समोर शेळीवाला, खांद्यावर कॅमेरा घेतलेले इरफानभाई, चारही बाजूंनी माणसांचं कडं. मी म्हणत होते, "अहो मामा, हिला दाढी आहे म्हणून एवढा भाव सांगताय का..." आणि पुढे नुसती हवा. ओठ हलतायत, हात हलतायत, गळ्यातून काही येत नाही. लोकांना वाटलं ही नवीन नक्कल आहे, ते पोट धरून हसले. शेळीवाला मात्र हुशार. मी गप्प झाले हे बघून त्याने तिथल्या तिथे भाव वाढवला. आयुष्यात पहिल्यांदा मी एका सौद्यात न बोलता हरले, आणि ते रागाने सांगायलासुद्धा माझ्याकडे आवाज नव्हता.

जे मला ओळखत नाहीत त्यांच्यासाठी सांगते. मी एका मराठी वाहिनीवर "द्यायचं कितीला?" नावाचा कार्यक्रम करते. गावोगावच्या आठवडी बाजारात जायचं, कॅमेऱ्यासमोर घासाघीस करायची, आणि घेतलेली वस्तू शेवटी एखाद्या वृद्धाश्रमाला नाहीतर आश्रमशाळेला द्यायची. हे मला कुणी शिकवलं नाही. मी क्लिपा आणि रिबिनींची पेटी डोक्यावर घेऊन माढा, जेऊर, बार्शी असे बाजार केलेत. गिऱ्हाईक किती ताणेल आणि कुठे तुटेल हे मला त्याच्या चपला बघून कळतं. कार्यक्रमाची सगळी कल्पना माझी, सोलापूरच्या मंगळवार बाजारात उभ्या उभ्या सुचलेली. मी ती ज्या माणसाला सांगितली तो आज वाहिनीचा कार्यक्रमप्रमुख आहे. आम्ही त्यांना साहेब म्हणतो. आणि दर आठवड्याला कार्यक्रम सुरू होताना पडद्यावर "संकल्पना" या शब्दाखाली साहेबांचं नाव येतं.

हा काटा मी किती वर्षं जपला ते माझं मला माहीत. मी भांडले, माईक आपटले, एकदा चहाचा कपही फेकला. शेवटी या वर्षी सौदा जमला होता. तीनशेवा भाग सोलापुरात, नवरात्रातल्या रविवारी, मंचावर, लोकांसमोर. तो मी केला की त्या दिवसापासून शीर्षकात माझं नाव. साहेबांकडून मी हे फोनवर तीनदा वदवून घेतलं होतं. आणि बरोबर त्याच आठवड्यात माझा आवाज गेला. डॉक्टरांनी घशात नळी घालून पाहिलं. स्वरयंत्राला सूज होती, आठ दिवस कडक मौन. कुजबुजायचंसुद्धा नाही. रविवार पाच दिवसांवर होता. साहेबांचा निरोप आला, "काळजी घ्या, आम्ही एका नव्या मुलीला तयार ठेवतोय." काळजी घ्या! मी फोन गादीवर फेकला. फोडला नाही, कारण नवा होता.

मी कार्यक्रमाची एक रोजनिशी ठेवते. चार रकाने असतात. गाव, वस्तू, कुणाकडून घेतली, कुणाला दिली. शेवटच्या रकान्याचा मला फार अभिमान. त्या आठवड्यात मात्र ती वही माझी जीभ झाली. त्या पानांवर अजून आहे, "आमटीत मीठ नाही", "साहेबांना सांगा मी मेले नाहीये", "इरफानभाई, हसू नका". पण माझ्या आईपुढे वहीचा उपयोग शून्य. आईला वाचता येत नाही. आयुष्यभर विड्या वळल्या तिने, आणि अजून कुंभारीला कामगारांच्या घरांतच राहते. माझ्या फ्लॅटमध्ये तिचं मन रमत नाही. बातमी ऐकून ती पहिल्या रिक्षाने आली, माझ्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाली, "जोगवा कवा मागितलास शेवटचा?"

मला माहीत होतं ती कशाबद्दल बोलतेय. मी पाच वर्षांची होईपर्यंत बोलत नव्हते. मुकीच आहे म्हणून लोकांनी सोडून दिलं होतं. आईने तुळजापूरच्या भवानीला नवस केला, पोरीला वाचा दे, दर नवरात्रात तिच्या हातून पाच घरचा जोगवा मागीन. त्या वर्षीच मी बोलले, आणि आई म्हणते त्यानंतर थांबलेच नाही. लहानपणी मी गळ्यात कवड्यांची माळ घालून, हातात वेताची परडी धरून तिच्याबरोबर दारोदार जायचे. घरं निवडायची नाहीत, ज्या रस्त्याला लागलो त्यावरची ओळीने पाच दारं. काय द्या, किती द्या हे सांगायचं नाही. पडेल ते घ्यायचं आणि "उदो" म्हणायचं. टीव्हीवर यायला लागल्यावर मला त्याची लाज वाटायला लागली. मग मी माझ्या पद्धतीने तोड काढली. जोगवा बंद, त्याऐवजी दर वर्षी देवीला अकरा भारी साड्या. पाच मुठी पिठाच्या बदल्यात अकरा साड्या! देवीचा फायदाच होता की. मी अगदी मनापासून तसं समजत होते.

माझा या सगळ्यावर विश्वास बसला होता असं म्हणणार नाही. घशाला सूज होती, तिचा फोटो मी डोळ्यांनी पाहिला होता. पण बाकी सगळे उपाय करून झाले होते, आणि बुडणाऱ्या सौद्यात मी काहीही करून बघते. शिवाय डोक्यात एक विचार चमकला. जोगव्याचंच चित्रण केलं तर? मुकी झालेली निवेदिका परडी घेऊन दारोदार! मी वहीत लिहून इरफानभाईंना दाखवलं. ते म्हणाले, "ताई, एक नंबर होईल. पण अम्मी काय म्हणतील?" माझ्या आईला ते अम्मीच म्हणतात. अम्मीने एका वाक्यात निकाल लावला. "कॅमेरा आला तर परडी चुलीत घालते." मुक्या माणसाला घासाघीस करता येत नाही. मी मान हलवली.

शुक्रवारी सकाळी आम्ही दोघी कुंभारीला आईच्या घरातून निघालो. साधं लुगडं, कपाळभर कुंकू, गळ्यात कवड्या. परडी माझ्या हातात होती आणि आई पुढे. पहिल्या दारातल्या बाईने मला बघितलं, माझ्या मागे बघितलं, मग गल्लीच्या दोन्ही टोकांना बघितलं. "शूटिंग हाय व्हय? कुटं लपवलाय कॅमेरा?" तिने पदर सारखा केला, केस सारखे केले आणि पीठ घालताना दात दाखवून हसत राहिली. दुसऱ्या दारात तेलुगू बोलणारी नरसव्वा होती, आईबरोबर विड्या वळलेली. ती "रा अम्मा, रा" करत धावत आली आणि पिठाबरोबर दोन मिरच्याही घातल्या. तिसऱ्या घरात सुनेने एवढंसं चिमूटभर पीठ टाकलं. माझ्या जिभेवर आलंच होतं, अगं एवढ्यात मुंगीची भाकरी होईल. आलं आणि तिथेच विरलं. मी वाकून तिला कुंकू लावलं. चौथ्या दारी पीठ पडेपर्यंत मला काहीतरी होत होतं. परडी जड होत होती आणि मी हलकी. कितीतरी वर्षांनी मी काही न मागता, न ताणता, न जिंकता घेत होते, आणि मला ते चक्क आवडत होतं!

पाचव्या दारात एक म्हातारी उंबऱ्यावर बसली होती. आईने हाक दिली, "अंबाबाईचा जोगवा!" म्हातारीने मान वर केली आणि माझ्याकडे बघतच राहिली. तो चेहरा मला माहीत होता. महाराष्ट्राला माहीत होता. आमच्या कार्यक्रमाच्या शीर्षकात दर आठवड्याला तो दोन सेकंद येतो. दोन वर्षांपूर्वी सोलापूरच्या बाजारात गोधड्या घेऊन बसलेली म्हातारी, जिचा भाव मी पाडत पाडत निम्म्याच्याही खाली आणला होता. "आजी, हे बघा, ह्यात फाटकं धोतर लावलंय तुम्ही!" असं म्हणून मी ती गोधडी गर्दीला फिरवून दाखवली होती. गर्दी फुटून हसली होती. शेवटी म्हातारी म्हणाली, "घ्या बाई, न्या मग." त्या चार शब्दांवर आमचा कार्यक्रम घराघरात पोचला.

"वळखलं मी," म्हातारी म्हणाली. "टीव्हीवाली न्हवं का तू? तुज्या टीव्हीत मी बी असते की. दर आठवड्याला." मग माझ्या आईकडे वळून, जशी काही शेजारणीला दुखणं सांगतेय तशी बोलायला लागली. "पाणी भराया गेले तर पोरं म्हनत्यात, घ्या बाई, न्या मग. दळाण घिऊन गेले तर गिरणीवाला म्हनतो, घ्या बाई, न्या मग. बाजार सोडला मी. सुई बी सोडली. माज्या मालकाचं धोतर हुतं ते. मालक गेल्यावर गोधडीतच शिवलं हुतं. इकायचीच न्हवती ती गोधडी, त्या दिशी नड हुती म्हनून काढली."

आता मी जे लिहिते आहे ते नीट सांगता येईल की नाही माहीत नाही. आवाज असता तर मी सुटले असते. मी म्हणाले असते, आजी, तो कार्यक्रम आहे, गंमत असते, ती गोधडी वृद्धाश्रमात किती कामाला आली माहीत आहे का. मी तिला हसवलं असतं. दोन मिनिटांत तिला पटवून, वर तिच्याच हातचा चहा पिऊन निघाले असते. मला ते येतं, त्याच्यावरच माझं घर चालतं. पण गळ्यात काही नव्हतं. मला उभं राहून ऐकावं लागलं. शब्द आत येत होते आणि परतवायला माझ्याकडे काहीच नव्हतं.

म्हातारी उठून आत गेली. मला वाटलं आता दार लावणार, आणि लावायलाच हवं होतं. पण ती सूप घेऊन बाहेर आली. "परडी म्होरं कर." तिने जोंधळ्याच्या पिठाची भरली ओंजळ घातली, मग आणखी एक. परडीच्या काठावरून पीठ माझ्या पायांवर सांडलं. "आता भाव करू नगस," ती म्हणाली. "आईचं हाय. पडंल तेवढं घे."

मी वाकले. जोगवा घेतल्यावर "उदो" म्हणायचं असतं, त्याशिवाय तो पुरा होत नाही. मी तोंड उघडलं आणि हवा आली. म्हातारी थांबली. "म्हन की."

"तिचा आवाज गेलाय," आई म्हणाली.

म्हातारीने माझ्याकडे खालून वर बघितलं, आणि हसली. अशी खळखळून हसली की तिला उंबऱ्याला धरावं लागलं. "लई बरं केलं बाई आईनं! जरा गाव तरी निवांत झालं आसंल!" माझी आई पण हसायला लागली. आणि मीही, आवाजाशिवाय, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग म्हातारीने डोळे पुसले, पदर खोचला आणि म्हणाली, "ऱ्हाऊ दे. तुज्या वाटचं मी म्हनते." तिने दोन्ही हात वर केले. एवढ्याशा देहातून तो आवाज कसा निघाला देव जाणे. "आई राजा उदो! उदो! उदो!" गल्लीतली दारं उघडली, बायका बाहेर आल्या, कुणी कुणी साथ दिली. मी तिथेच पिठात बसले आणि तिच्या पायांवर डोकं ठेवलं. कुणी चमत्कार म्हणेल, कुणी म्हणणार नाही. मी एवढंच सांगते, माझ्या नवसाचा उदो त्या दिवशी तिच्या गळ्यातून गेला आणि मला तो माझ्याच गळ्यातून गेल्यासारखा वाटला.

पाच घरच्या पिठाची भाकरी आम्ही दुपारी खाल्ली. नंतर मी जुन्या रोजनिश्या काढल्या. ते पान सापडलं. गाव, सोलापूर. वस्तू, गोधडी. कुणाला दिली, याच्यापुढे वृद्धाश्रमाचं पूर्ण नाव, पत्त्यासकट. आणि कुणाकडून? तिथे माझ्या अक्षरात होतं, "एक म्हातारी". मी ते पान किती वेळ धरून बसले कोण जाणे. नावासाठी चहाचा कप फेकणारी मी. तिचं नाव कोंडाबाई आहे, हे मला शुक्रवारी आईकडून कळलं.

शनिवारी मी इरफानभाईंना चिठ्ठी देऊन तिच्याकडे पाठवलं. मंचावर याल का? ती म्हणाली, "यीन. पर भाव मी सांगनार." ही माझ्याच जातकुळीची बाई! रविवारी सभागृह गच्च भरलं होतं. साहेब मुंबईहून आले होते, नवी मुलगी पावडर लावून कडेला तयार उभी होती. माझ्या गळ्यात जेमतेम खरखर परतली होती. मौनाचे आठ दिवस भरले नव्हते, पण डॉक्टरांनी एवढ्यापुरती सूट दिली होती, मोजके शब्द, फार तर दहा. मी नव्या मुलीला नुसतं हाताने थांबवलं आणि मंचावर गेले.

कोंडाबाई जाजमावर बसली होती, समोर अर्धी शिवलेली गोधडी, सुई तशीच टोचलेली. शुक्रवारी संध्याकाळी सुरू केली म्हणे. मी तिच्यासमोर खाली बसले आणि बोटांनी विचारलं, केवढ्याला? तिने भाव सांगितला. चांगला सणसणीत. सभागृह श्वास रोखून माझ्याकडे बघत होतं, आता ही काय बोलते. मी माईक तोंडाशी नेला आणि फाटक्या आवाजात म्हणाले, "घेतली, कोंडाबाई."

आणि कोंडाबाई भडकली! "अगं घेतली काय? जरा तरी घासाघीस कर की! आसं सरळ देत्यात व्हय? मला झोप यील का रातीला?" सभागृह कोसळलं. मी मान हलवली, नाही. ती म्हणाली, "बरं, शंभर कमी दे." मी मान हलवली. "दीडशे कमी दे गं!" मी मान हलवली. ती स्वतःच स्वतःचा भाव पाडत होती आणि मी एकेक पायरी नाकारत होते. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. शेवटी तिने हात जोडले. "घ्या बाई, न्या मग!" या वेळी ती म्हणाली आणि तीच आधी हसली.

चित्रण संपल्यावर साहेब नाचायचेच बाकी होते. "कमाल! ठरल्याप्रमाणे तुमचं नाव या आठवड्यापासून." मी वहीत लिहिलं, "शीर्षकातून कोंडाबाईंचा जुना तुकडा काढा." साहेबांचा चेहरा पडला. तो तुकडा म्हणजे कार्यक्रमाची ओळख. मग तेही सौद्यावर आले, शेवटी तेही बाजारातलेच. म्हणाले, "एक काहीतरी. नाव हवं तर नाव, तुकडा काढायचा तर तुकडा. दोन्ही मी वरच्यांना पटवू शकणार नाही." माझी आई कोपऱ्यात खुर्चीवर बसून आमच्याकडे बघत होती. माझ्या कानात कोंडाबाईचं बोलणं स्पष्ट होतं, पडंल तेवढं घे. मी "तुकडा" या शब्दाभोवती गोल केला आणि वही त्यांच्या हातात दिली.

राग गेला असं खोटं लिहिणार नाही. कार्यक्रम सुरू होतो, "संकल्पना" येतं, खाली साहेबांचं नाव येतं, आणि अजून माझ्या कानशिलात गरम होतं. पण त्यानंतर ते दोन सेकंद येतात. तिथे आता नुसता बाजार दिसतो, ऊन, टोपल्या, माणसं. कोंडाबाई पुन्हा बाजारात बसते. पाण्याला जाते तेव्हा पोरं काही म्हणत नाहीत, आणि म्हणाली तर तीच त्यांना चार ऐकवते. माझा आवाज परत आला, थोडा बारीक होऊन. आल्या आल्या पहिलं काय केलं असेल तर आईला विचारलं, "तुला माहीत होतं ना ती त्या गल्लीत राहते? मुद्दाम नेलंस ना?" आई सुपारी कातरत म्हणाली, "मी कुटं नेलं? आई म्होरं हुती, मी मागं हुते." यापुढे मी घासाघीस केली नाही.

देवीशी मी इतकी वर्षं व्यवहार करत होते. तिने मला एकदाच गप्प केलं आणि तेवढ्यात सगळं देऊन टाकलं. मी तिच्या पायाशी कृतज्ञ आहे, आणि कोंडाबाईच्याही. आता बाजारात मी आधी नाव विचारते, मग भाव. दर नवरात्रात परडी घेऊन निघते, आणि जे दार येईल ते माझं. त्या शुक्रवारची नोंद मी रोजनिशीत सगळ्यात शेवटी केली, आवाज आल्यावर, मोठ्याने वाचत वाचत. गाव, कुंभारी. वस्तू, जोंधळ्याचं पीठ, दोन ओंजळी. कुणाकडून, कोंडाबाई. कुणाला दिली? मला.